निळ्या छापाच्या बशा आणि हिंदुस्थानातील शिकार

स्टोक येथील स्पोड यांच्या कारखान्याने १८१५ च्या सुमारास हिंदुस्थानातील शिकारीची निळी चित्रे छापलेली भोजनपात्रे काढली. अस्वल, बिबळ्या, हत्ती, शिकारी कुत्रे व त्यांचे राखणदार इंग्रजांच्या मेजावर आले. ही चित्रे त्या काळच्या हिंदुस्थानचा पुरावा मानण्याचा मोह अभ्यासकास होतो. तो आवरावा, असे पात्रांची घडणच सांगते.

तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरीत. त्यात तेलात कालवलेला कोबाल्टचा रंग भरून तो पातळ कागदावर उतरवीत, आणि तो कागद एकदा भाजलेल्या बशीवर घासून चिकटवीत. कागद धुऊन काढल्यावर रंगातील तेल भट्टीत जाळून मग झिलई देत. झिलईखाली तीव्र आच सोसून टिकणारा भरवशाचा रंग प्रारंभी हाच. निळ्याच्या प्राबल्याचे कारण केवळ अभिरुची नव्हे. कागदाचे तुकडे जोडल्याच्या खुणा काठावर पुष्कळदा दिसतात.

चित्रे मात्र कारखान्याची स्वतःची नव्हती. बंगालमध्ये वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेल्या कॅप्टन टॉमस विल्यमसनच्या रेखाटनांवरून सॅम्युएल हॉविटने ती रचली. १८०७ च्या ‘ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स’ या ग्रंथात ती चाळीस फलकांत प्रसिद्ध झाली. त्यांवरून कारखान्यातील कोरक्याने पात्राच्या आकाराप्रमाणे प्रसंग छाटले. काठ मात्र सर्व प्रसंगांना एकच दिला, व त्यात निरनिराळ्या फलकांतील प्राणी एकत्र आणले. अशा काठावरून कोणत्याही प्रदेशाचे वन्यजीवन सिद्ध होणार नाही.

पात्राच्या पाठीवरील शीर्षकांची गोष्ट वेगळी. एका शीर्षकात कुत्रे बाहेर नेणाऱ्या ‘डोरियां’चा उल्लेख आहे. डोरिया म्हणजे कुत्र्यांचा राखणदार. हिंदुस्थानीतील ‘डोर’, मराठीतील ‘दोर’, यावरून हा शब्द आला. रोमन लेखनात ड आणि द यांचा भेद लोपतो, तरी शब्द ओळखू येतो. हातोहाती चित्र पालटले. छावणीतील चाकराचे नाव मात्र इंग्रज स्वयंपाकघरापर्यंत टिकले. समोरच्या चित्रापेक्षा ही पाठीवरची ओळ अधिक विश्वसनीय होय.

१८४२ च्या ग्रंथस्वामित्वाच्या कायद्यानंतर पुस्तकांतील चित्रे अशी सर्रास उचलणे कठीण झाले, आणि कुंभारांचे कोरके बहुधा कल्पित भूदृश्यांकडे वळले.