दोन मोटारी

दोन मोटारींची तुलना करताना आपण सहसा वेगापासून आरंभ करतो. अँबॅसिडर आणि पद्मिनी यांच्या बाबतीत हा आरंभच चुकीचा ठरतो, कारण दोघींनाही घाई म्हणून ठाऊक नव्हती.

अँबॅसिडरचे मूळ मॉरिस ऑक्सफर्डमध्ये. इंग्लंडात तो नमुना १९५९ साली मावळला. आपल्याकडे मात्र बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातून तीच गाडी २०१४ पर्यंत बाहेर पडत राहिली. पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्यास बांधली व १९७४ च्या सुमारास तिचे हे नामकरण झाले. परवान्यांच्या त्या राज्यात, १९८३ साली मारुती येईपर्यंत, मध्यमवर्गीयाला निवड करायची ती बहुधा या दोघींतच.

कागदावर अँबॅसिडर सरस. तिचे इंजिन १४८९ सीसीचे, पद्मिनीचे १०८९. अँबॅसिडरच्या स्टीअरिंगची रचना रॅक-पिनियनची, म्हणजे त्या काळी पुढारलेली. ज्या अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी पुढे मिनी घडविली, त्यांचाच हात मूळ मॉरिसला लागला होता. फियाटचे स्टीअरिंग जुन्या धाटणीचे. तरीही भिलाईच्या सेक्टरांतील अरुंद वळणांवर फियाटच हाताला चटकन वळे. ती अंगाने हलकी होती. अँबॅसिडर वळताना एका कुशीवर झुके आणि मग जणू विचार करून सरळ होई. उलट खड्ड्यांच्या रस्त्यावर तीच गाडी प्रवाशाला सांभाळून नेई. सरकारी अधिकाऱ्याला ती मानवली यात त्याच्या पाठीचा वाटा प्रतिष्ठेइतकाच असावा, असे मी स्वानुभवाने सांगतो.

माझे वडील पोलाद कारखान्यात होते. त्यांनी फियाट घेतली, कारण तिला पेट्रोल कमी लागे. आणि अँबॅसिडर ही साहेबांची गाडी, असा त्यांचा ग्रह होता. अँबॅसिडरवाल्या शेजाऱ्यांशी त्यांचा यावरून नित्य वाद चाले. १९९९ च्या पावसाळ्यात आईला तातडीने नागपूरला न्यावे लागले. शस्त्रक्रियेपूर्वी तिला बसवू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. फियाटच्या मागील आसनावर तिला पाय पसरता येईनात. वडील काही न बोलता शेजाऱ्यांच्या दारी गेले आणि किल्ली घेऊन आले.

गाडी मी चालवली. बाघनदी ओलांडल्यावर रस्ता पार उखडलेला होता. स्टीअरिंगवरच्या गिअरशी माझी झटापट चालू होती, ब्रेक तर पुष्कळ आधी दाबावा लागे. पुढे शेजारी बसलेले वडील दर खड्ड्याला मागे वळून पाहत. साकोलीच्या अलीकडे ते हळूच म्हणाले, "झोपली आहे रे. असाच चालव."

आई बरी होऊन आगगाडीने परतली. वडिलांनी फियाट काही विकली नाही. शेजाऱ्यांशी वाद घालणे मात्र सोडून दिले.