जुन्या बातम्यांचे स्थलांतर

संकेतस्थळाचा जुना मजकूर नव्या आशय व्यवस्थापन प्रणालीत नेताना मराठीपुढे खरी अडचण असते ती फाँटची. युनिकोडपूर्व पद्धतीच्या बहुतेक फाँटमध्ये देवनागरी चिन्हे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसविलेली असत. फाँट काढला की उरतो निरर्थक रोमन मजकूर. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, परंतु नुसता अक्षरबदल पुरत नाही. ‘कि’मधील ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटमध्ये व्यंजनाआधी, तर युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते, रफाराचे नेमके उलट. हा क्रम चुकल्यास ‘सर्व’ हा शब्द शोधूनही सापडत नाही. त्यामुळे प्रत्येक फाँटसाठी स्वतंत्र रूपांतर तक्ता करावा लागतो. जुने दुवे ‘३०१’ या संकेताद्वारे नव्या पत्त्यांकडे वळवावेत. मूळ फाइली मात्र पुसू नयेत. रूपांतरातील चुका अनेकदा काही महिन्यांनी उघडकीस येतात.