पायली आणि शीग

‘शेरास सव्वाशेर’ हा वाक्प्रचार आपण आजही सहज वापरतो. एखादी गोष्ट जागोजागी मिळू लागली की ‘पायलीला पन्नास’ म्हणून तिला हिणवतो. शिगोशीग भरलेल्या घराचे कौतुकही करतो. परंतु ज्यांनी शेर आणि पायली ही मापे कधी हाताळलीच नाहीत, अशी पिढी आता आजीआजोबांच्या वयास पोहोचली आहे. शब्द राहिले, भांडी गेली. त्या भांड्यांचा इतिहास म्हणजे आपल्या खळ्यांचा आणि कोठारांचाच इतिहास होय.

शेर हे वजनाचे नाव होते, तसेच ते धान्याच्या मापाचेही होते. धान्याचे कोष्टक असे : दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर. पुढे चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. म्हणजे एका खंडीत ९६० शेर. शेराखालची सगळी मापे अर्ध्याच्या अर्धी आहेत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्यासाठी तराजू लागत नव्हता, अक्षरओळखही लागत नव्हती. गृहिणी चिपट्या-मापट्याने तांदूळ काढी, मजुराची मजुरी आणि बलुतेदाराचे बलुते पायलीने चुकते होई. शेत केवढे, हेदेखील त्यात किती मापे बियाणे पडते यावरून सांगितले जाई. मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीत अनेक ठिकाणी होती.

आपल्या वसईच्या मापांची नोंद तर साडेचारशे वर्षांहून जुनी आहे. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. त्यानंतर वीस वर्षांनी, १५५४ मध्ये, अंतोनियो नुनिश याने हिंदुस्थानातील वजने, मापे व नाणी यांचा ग्रंथ सिद्ध केला. वसईस भाताचा एक ‘मुरा’ तीन खंडींचा असतो आणि ते भात सडल्यावर दीड खंडी व थोडा अधिक तांदूळ निघतो, असे त्यात नमूद आहे. हा ‘मुरा’ म्हणजे बहुधा आपला मुडा, पेंढ्यात आवळून बांधलेला धान्याचा गठ्ठा. नोंद कोरडी आहे, पण त्यात शेतकऱ्याचे सारे वर्ष सामावले आहे. खळ्यावर तीन खंडींची रास दिसली, तरी चुलीपर्यंत पोहोचणारे अन्न त्याच्या निम्म्याच्या आसपासच. सारा आणि खंड भाताच्या मापाने ठरत असता हा फरक जाणणे राज्यकर्त्यासही भाग होते.

मापाची खरी अडचण मात्र वेगळीच होती. वजनाला तराजूची दांडी साक्षीदार असते, मापाला केवळ मोजणाऱ्याचा हात. पायलीत धान्य अलगद सोडले तर कमी मावते. ती हालवली, दाबली, तर अधिक मावते. काठाशी सपाट केली तर एक हिशेब, वर शीग चढवली तर दुसरा. शिवाय गावोगावची पायली निराळी. खंड घेताना शीग लावायची आणि उसने देताना काठावरून हात फिरवायचा, एवढ्यानेच कुळाच्या घरातील पावसाळ्याचे दाणे आटू शकत. भांडे तेच, कोष्टक तेच; पण पोरे उपाशी राहत ती मोजणीच्या या दोन तऱ्हांमुळे.

हा घोळ मिटवण्यासाठी मुंबई प्रांतात १९३२ साली वजनमापांचा कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धती स्वीकारली गेली आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून तिचा अंमल टप्प्याटप्प्याने सुरू झाला. योगायोग असा की, १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे चलनात आले आणि त्याच दिवशी मुंबई राज्याच्या कूळकायद्याने ‘कृषक दिन’ उगवला. कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळण्याचा मार्ग मोकळा झाला आणि खंडाची पायली हळूहळू खळ्यावरून उठली. किलोने पायलीला बाजारातून घालवले हे खरे, पण तिचा जाच संपवण्यात कूळकायद्याचा वाटा मोठा आहे.

संत लूकच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचताना हे सारे आठवते. प्रभूने तेथे उदार दानाचे जे वर्णन केले आहे, ते खळ्यावर उभे राहून धान्य मोजून घेणाऱ्या माणसाला तत्काळ समजणारे आहे. दाबणे, हालवणे, काठावरून ओसंडू देणे या क्रिया श्रोत्यांच्या रोजच्या व्यवहारातल्या होत्या. फरक एवढाच, की जगाच्या खळ्यावर शीग घेणाऱ्यासाठी चढत असे. प्रभू ती देणाऱ्याच्या हातून चढवू पाहतो.

एखाद्या घराच्या माळ्यावर अजूनही एखादी जुनी पायली पडून असेल. ती भंगारात घालण्यापूर्वी मुलांच्या हाती द्यावी, तांदळाने भरावयास सांगावे. प्रथम सपाट, मग शिगेसह. वरचे मूठभर दाणे केवढे असतात, ते त्यांना पुस्तकावाचून कळेल.