थर्मास : मालकाच्या हातून निसटलेले नाव

१/ दवाखान्यात आजाऱ्यासाठी पेज न्यायची असो वा प्रवासात चहा, आपण 'थर्मास' भरून घेतो. तो कोणत्या कंपनीचा, हे सहसा कुणी विचारत नाही. हे नाव मात्र एकेकाळी एकाच उत्पादकाच्या मालकीचे होते. अमेरिकेत ती मालकी कशी गेली, त्याची ही हकिगत.

२/ १८९२. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअर अतिशीत द्रवरूप वायूंवर प्रयोग करीत होते. हे द्रव टिकावेत म्हणून त्यांनी दुहेरी भिंतींचे काचपात्र घडवले आणि मधली हवा काढून टाकली. निर्वातामुळे उष्णतेची ये-जा मंदावली. या शोधाचे पेटंट मात्र त्यांनी घेतले नाही.

३/ बर्लिनचे काचकारागीर राइनहोल्ड बुर्गर यांनी त्या नाजूक पात्राला धातूचे कवच देऊन ते घरगुती वापरास योग्य केले. १९०४ मध्ये त्याला नाव मिळाले 'थर्मॉस'. ग्रीक भाषेत याचा अर्थ उष्ण. १९०७ मध्ये अमेरिकेत या नावाची स्वतंत्र कंपनी निघाली.

४/ वस्तू नवी होती. तिला लोकांच्या तोंडी रुळलेले दुसरे नाव नव्हते. कंपनीनेही 'निर्वात बाटली' असे न म्हणता 'थर्मॉस बाटली' हेच नाव रुजवले आणि ते घरोघरी पोहोचल्याचा अभिमान मिरवला. १९२३ च्या सुमारास धोका जाणवून ती सावध झाली, पण तोवर शब्द जनतेचा होऊ लागला होता.

५/ पुढे अलाद्दीन या प्रतिस्पर्धी कंपनीने आपल्या बाटल्यांना 'थर्मॉस' म्हणण्याचे ठरवले आणि प्रकरण न्यायालयात गेले. पाहणीत दिसले की, अशा बाटल्या परिचित असलेल्या प्रौढांपैकी सुमारे ७५ टक्के लोक त्यांना 'थर्मॉस'च म्हणत. ही व्यापारमुद्रा आहे, हे जाणणारे अवघे १२ टक्के!

६/ व्यापारमुद्रा वस्तूचा उत्पादक सांगते. तीच वस्तूचे नाव झाली, तर इतरांनी आपला माल कोणत्या नावाने विकावा? १९६३ मध्ये अपील न्यायालयाने शब्द सर्वांना खुला ठरवला. मात्र अलाद्दीनवर बंधने घातली : आधी स्वतःचे नाव लिहावे आणि 'थर्मॉस'चे पहिले रोमन अक्षर लहानच ठेवावे. मोठे अक्षर जुन्या कंपनीकडे राहिले.

७/ म्हणजे त्या निवाड्यात नाव आणि शब्द यांच्यामधली सीमारेषा एका अक्षराच्या आकाराएवढी उरली. देवनागरीत तर लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही. मराठीने 'थर्मॉस'चा 'थर्मास' केला, तेव्हा तीही रेषा पुसली गेली.