टपालाने आलेली नौका

आराखडा हाती आला म्हणजे निम्मी नौका झाली, असा हौशी माणसाचा समज असतो. आम्हांस तो खरा वाटत नाही, आणि त्याविरुद्धचा दाखला मुंबईतच सापडतो.

1812 साली ब्रिटिश आरमाराने एक लढाऊ जहाज मुंबईच्या गोदीत बांधावयाचे ठरविले. त्याचे आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज वाटेतच अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेले आणि कागदही गेले! ते पुन्हा पाठवावे लागले. पुढे जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली सागवानी ‘ट्रिंकोमाली’ 1817 साली पाण्यात उतरली. इंग्लंडात हार्टलपूल येथे ती आजही तरंगते आहे.

यानंतर दीडशे वर्षांनी मुंबईत पुन्हा परदेशी कागद आले, ते मात्र अगदी लहान कामासाठी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे एका ब्रिटिश बोटकंपनीचे तरुण अधिकारी. आपल्या पगारात परवडेल अशी शिडाची नौका हवी, म्हणून त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी टपालाने आराखडे मागविले. आराखडा विल्यम ॲटकिन या अमेरिकन कारागिराचा, तोही मुळात नॉर्वेच्या जीवरक्षक नौकांवरून घेतलेला. लांबी सुमारे 32 फूट.

कागदावर नौकेच्या वळणांची मोजमापे असतात. ती प्रथम जमिनीवर पूर्ण आकारात आखावी लागतात. आराखड्यातील रेषा बाहेरच्या फळीची असली, तर आतल्या फासळीसाठी फळीची जाडी वजा करावी लागते. येथे चूक झाली की सारी नौकाच फुगते. त्यापुढे मात्र कागद मुका होतो. सागाची कोणती फळी वळेल, कोणती चिरेल, हे सुताराच्या हातालाच कळते. मुंबईच्या कारागिरांनी ही नौका वाकसाने तासली आणि कमानीच्या सामत्याने तिला भोके पाडली. नाव ठेवले ‘सुहैली’; इराणच्या आखातातील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला हे नाव देतात.

14 जून 1968 रोजी नॉक्स-जॉन्स्टन या नौकेतून एकटेच फालमथहून निघाले. स्पर्धेत नऊ जण होते. अटलांटिकात ‘सुहैली’च्या तळाचे सांधे गळू लागले (मुंबईची म्हणून ती निर्दोष होती, असे आम्ही म्हणणार नाही). त्यांनी स्वतः पाण्यात उतरून सांध्यांत कापूस ठोसला, वर कॅनव्हासची पट्टी व तांब्याचा पत्रा मारला. 312 दिवसांनी, 22 एप्रिल 1969 रोजी, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ते फालमथला परतले. असा प्रवास एकट्याने पुरा करणारे ते पहिलेच. आणि नवांपैकी पोहोचलेही तेच एकटे.

विक्रमाच्या नोंदीत नाविकाचे नाव असते, फार तर आराखडा काढणाऱ्याचे. ज्याने वाकस धरला त्याच्यासाठी त्या कोष्टकात रकानाच आखलेला नाही.