मलिक अंबरची कबर आणि चुन्याचा घाणा

आपल्या जिल्ह्यातील परंड्याचा किल्ला आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा मलिक अंबराने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला याच परंड्यात गादीवर बसविले. काही काळ निजामशाहीची राजधानी आपल्या शिवारात नांदली.

अंबर राजा नव्हता. पण राज्य तोच चालवी. हबसाणात जन्मलेले हे पोर गुलाम म्हणून विकले गेले, हातोहात फिरले आणि अखेरीस निजामशाहीचा पेशवा चंगीजखान याच्या पदरी आले. सौदागरांनी ज्याची किंमत ठरविली, त्यानेच पुढे रयतेचा सारा ठरविण्याची पद्धत घालून दिली, १६१० च्या सुमारास खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसविली आणि जमिनीखालून नहर आणून तिला पाणी पाजले. १६२४ मध्ये भातवडीला त्याने मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे तेव्हा त्याच्याच बाजूने लढले. १६२६ मध्ये तो वारला.

त्याची घुमटाची कबर खुलदाबादेत आहे. त्याच गावात औरंगजेबाचीही कबर आहे. २०२५ साली तिच्यावरून वाद पेटला आणि पहारा वाढविला गेला. अंबराच्या घुमटाकडे मात्र थोडीच पावले वळतात. पण घुमटाचा खरा वैरी पाऊस आहे. गिलाव्याला बारीक चीर पडते, तीत पाणी मुरते, पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी रुजते आणि मुळी दगड उचलते. चीर बुजवायला सिमेंट थापले, तर ओल आत कोंडते आणि चुना भुसभुशीत होतो. तिथे चुनाच हवा. घाण्यात मळलेला, मुरविलेला.

आम्ही आयुष्यभर कामगारांत वावरलो, म्हणून एवढेच सांगतो. जुनी वास्तू फलकाने टिकत नाही. चुन्याची जात ओळखणाऱ्या गवंड्याच्या हाताने टिकते. त्या हाताला पुरती मजुरी मिळाली नाही, तर त्याचा मुलगा घाणा सोडून दुसरीकडे जाईल आणि मग पैसा मंजूर होऊनही काम करणारा सापडणार नाही. ज्याला एकदा बाजारात उभे केले, त्याची कबर तरी सर्वांत स्वस्त ठेकेदाराच्या हाती देऊ नये.