कडकनाथाची कुळकथा

नर्मदेच्या उत्तरेस, एके काळी झाबुआ आणि अलिराजपूर या संस्थानांच्या अमलाखाली असलेल्या डोंगराळ मुलखात, भिल्ल आणि भिलाला कुटुंबांनी पिढ्यानपिढ्या अंगणात वाढविलेला, देवकार्यात बळी म्हणून अर्पण होणारा आणि अडीअडचणीला बाजारात नेता येणारा जो कृष्णवर्ण कोंबडा, तोच कडकनाथ. मांसाच्या रंगावरून त्या भागात त्याला कालीमासी असेही म्हणतात. पिसांवरून त्याचे तीन भेद मानतात: निव्वळ काळा, सोनेरी छटेचा आणि रेघारेघांचा. तुरा, गळ्याखालच्या लोंबत्या पाळ्या आणि जीभ यांवर जांभळट झाक असते, पाय करडे-काळे असतात, आणि हाडांवरचे आवरणही काळे असते; अंड्याचे कवच मात्र फिकट तपकिरी.

या काळेपणाचे कूळ झाबुआच्या सरहद्दीपलीकडे फार दूरवर जाते. तेराव्या शतकात मार्को पोलोने चीनमधील ज्या केसाळ, काळ्या कोंबड्यांची नोंद केली, त्या आजच्या सिल्की जातीच्या पूर्वज मानल्या जातात. आणि सिल्की, जावा बेटावरील चेमानी व कडकनाथ या तिन्ही जातींच्या विसाव्या गुणसूत्रावर एकाच स्वरूपाची उलथापालथ आढळते, यावरून हा बदल कोणा एका प्राचीन पूर्वजात एकदाच घडला असावा, असे अनुमान निघते. या उलथापालथीत एंडोथेलिन-३ या जनुकाची प्रत वाढते, रंगपेशी बेसुमार होतात, आणि एरवी त्वचेकडे जाणाऱ्या त्या पेशी शरीराच्या अंतर्भागातही शिरतात.

म्हणूनच काळा रंग हा शुद्ध वंशाचा पुरेसा दाखला ठरत नाही. बेटसन आणि पनेट यांनी 1911 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सिल्की नर आणि तपकिरी लेगहॉर्न मादी यांच्या संकरातून झालेल्या माद्या गडद काळ्या निघाल्या, नर मात्र जेमतेम रंगले. म्हणजे अर्ध्या रक्ताची कोंबडीही पूर्ण काळी दिसू शकते. यास्तव जातीचे मानक ठरविताना वर्णाबरोबरच एकेरी तुरा, पायांचा रंग, प्रौढ नराचे सुमारे 1.8 ते 2 किलो वजन, पिलांच्या पाठीवरील गडद पट्टे, आणि मुख्य म्हणजे हीच लक्षणे पुढच्या पिढीत टिकून राहणे, या सर्वांची एकत्रित साक्ष घ्यावी लागते.

झाबुआच्या कडकनाथाच्या मांसाला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे नावाला संरक्षण लाभले. परंतु नाव गाजले की मागणी वाढते, आणि मागणी वाढली की संकराचा मोहही वाढतो. वंश राखावयाचा तर थोड्या पक्ष्यांतच पैदास कोंडून न ठेवता निरनिराळ्या कळपांतील नरांची अदलाबदल करावी लागते, आणि लक्षणहीन पक्षी पैदाशीतून वेगळे काढावे लागतात. सरकारी दप्तरात मानक लिहिले जाण्यापूर्वी ते निवडणाऱ्याच्या नजरेत होते, आणि ती नजर भिल्ल घरांतली होती. तेव्हा या जातीच्या कीर्तीचे मोल त्याच घरांना मिळावे, कारण त्यांना कडकनाथ पाळणे परवडेल तोवरच मानकाला मोजण्याजोगा पक्षी शिल्लक राहील.